कोल्हापूर ते नागपूर : विमानाने अंतर किती, वेळ किती?

एक साधा प्रश्न. कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरून निघालेलं विमान नागपूरच्या सोनेगावला किती वेळात पोहोचेल?

बहुतेक जण मोबाईल काढतील. त्यात सरळ रेषेतलं अंतर येईल ७०२ कि.मी. विमानाचा वेग ताशी ८०० कि.मी. धरला, भागाकार केला, की उत्तर ५३ मिनिटं. म्हणजे इंजिनिअरिंग मेकॅनिक्सच्या एका लेक्चरपेक्षाही कमी!

पण एवढ्याच अंतरावर टर्बोप्रॉप विमान उडवणाऱ्या कुठल्याही कंपनीचं वेळापत्रक काढून बघा. तिथे याहून बराच जास्त वेळ लिहिलेला असतो. मग उरलेला वेळ जातो कुठे? कंपनी खोटं बोलते, की आपला भागाकार चुकतो? भागाकार बरोबर आहे. चुकतं ते गणित मांडणं. आणि हे गणित नीट मांडता येणं ही हौसेची गोष्ट नाही. विमानात किती इंधन भरायचं, तिकिटाची कमाल किंमत किती ठेवायची, अवयवदानातलं हृदय वेळेत पोहोचेल की नाही, हे सगळं याच दोन आकड्यांवर ठरतं. तर मग चला, सुरुवातीपासून बघू.

१. अंतर म्हणजे नक्की कुठलं अंतर?

कोल्हापूर ते नागपूर रस्त्याने जायचं तर सोलापूर, तुळजापूर, लातूर, नांदेड, यवतमाळ, वर्धा असं आठशे कि.मी.च्या वर अंतर पडतं. रेल्वेची गोष्ट आणखी वेगळी. महाराष्ट्र एक्सप्रेस कोल्हापूरहून निघते, आधी पुण्याला जाते, मग दौंड, मनमाड, भुसावळ, अकोला, बडनेरा, वर्धा करत नागपूर गाठते. ईशान्येला जायचं म्हणून गाडी आधी उत्तरेला चढते आणि मग पूर्वेला वळते. काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू चालायच्या आणि कर्ण सोडून द्यायचा, असाच हा प्रकार. त्यात एक अख्खी रात्र आणि दुसऱ्या दिवसाचा बराचसा भाग जातो.

विमान कर्णावरून जातं. पण पृथ्वी गोल असल्यामुळे हा कर्ण सरळ रेषा नसून बृहद्वृत्ताचा कंस असतो. गोलाच्या केंद्रातून जाणाऱ्या प्रतलाने गोल कापला की पृष्ठभागावर जे वर्तुळ मिळतं, ते बृहद्वृत्त. गोलावरच्या दोन बिंदूंमधला सर्वांत जवळचा रस्ता याच वर्तुळावरून जातो. मुंबई ते न्यूयॉर्क विमान नकाशावर उगाचच उत्तरेकडे वळसा घालताना दिसतं, त्याचं कारण हेच. वळसा विमान घालत नाही, कागद सपाट करताना नकाशा घालतो.

आता आपले दोन विमानतळ घेऊ (दशांश अंशात, दोन स्थळांपर्यंत) :

कोल्हापूर : अक्षांश १६.६६° उत्तर, रेखांश ७४.२९° पूर्व
नागपूर : अक्षांश २१.०९° उत्तर, रेखांश ७९.०५° पूर्व
फरक : अक्षांशात ४.४३°, रेखांशात ४.७६°

२. तीन रीती, एकच उत्तर (जवळजवळ)

पहिली रीत, पायथागोरस. पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६३७१ कि.मी. धरली, तर अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११.२ कि.मी. रेखांशाच्या रेषा मात्र ध्रुवाकडे जवळ येत जातात, म्हणून रेखांशाच्या अंशाला त्या ठिकाणच्या अक्षांशाच्या कोसाइनने गुणावं लागतं. दोन्ही गावांचा मध्य अक्षांश १८.८७५°, त्याचा कोसाइन ०.९४६.

उत्तर दिशेने : ४.४३ × १११.२ = ४९२.६ कि.मी.
पूर्व दिशेने : ४.७६ × १११.२ × ०.९४६ = ५००.७ कि.मी.
कर्ण : दोन्हींच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ = ७०२.४ कि.मी.

यात एक गंमत लक्षात आली का? दोन्ही बाजू जवळपास सारख्या आहेत. म्हणजे नागपूर कोल्हापूरपासून जवळजवळ नेमकं ४५ अंशांवर, अगदी ईशान्येला आहे. पुढे वाऱ्याचं गणित करताना हे उपयोगी पडेल.

दुसरी रीत, हॅवरसाइन. हे गोलावरचं खरं सूत्र :

अ = साइन(४.४३°/२) चा वर्ग + कोस(१६.६६°) × कोस(२१.०९°) × साइन(४.७६°/२) चा वर्ग

आकडे घातले की अ = ०.००१४९४ + ०.००१५४१ = ०.००३०३५. याचं वर्गमूळ ०.०५५०९. त्याचा साइन-इन्व्हर्स रेडियनमध्ये काढून दुप्पट केला की ०.११०२४. याला ६३७१ ने गुणलं की ७०२.३ कि.मी.

म्हणजे गोलाचं भारदस्त सूत्र आणि शाळेतला पायथागोरस यांच्यात फरक पडला शंभर-दीडशे मीटरचा! नागपूरच्या मुख्य धावपट्टीची लांबीच ३२०० मीटर आहे. राज्यातल्या राज्यात दोन विमानतळांमधलं अंतर काढायला मध्य अक्षांश घेऊन केलेला पायथागोरस पुरेसा आहे. हॅवरसाइनची खरी गरज हजारो किलोमीटरच्या प्रवासाला.

'पण पृथ्वी पूर्ण गोल कुठे आहे? ती ध्रुवांपाशी चपटी आहे!' असं व्हायवात कुणीतरी विचारणारच. बरोबर. चपटेपणा हिशेबात घेतला तर आपल्या अक्षांशाजवळ अक्षांशाचा एक अंश ११०.७ कि.मी.च्या आसपास येतो, आणि आपलं उत्तर साधारण ७०१.५ कि.मी. होतं. फरक एक किलोमीटरच्या आत. आपल्या कामाला तोही सोडून देता येतो.

तिसरी रीत, कोसाइनचा नियम. पुस्तकात हे सूत्र दिसायला सगळ्यांत सुटसुटीत असतं. अंतराच्या कोनाचा कोसाइन थेट मिळतो. आपल्या उदाहरणात तो येतो ०.९९३९२९. पण इथे एक खड्डा आहे. हाच आकडा चार दशांश स्थळांवर आणला तर ०.९९३९, आणि त्यावरून अंतर निघतं ७०४ कि.मी. शेवटचा अंक फक्त एकाने बदलून ०.९९४० केला तर अंतर ६९८ कि.मी. शेवटच्या स्थळी एकाचा फरक आणि उत्तरात सहा किलोमीटरची उडी!

जवळच्या अंतराला तर याहून वाईट अवस्था. पुणे (लोहगाव) ते बारामती विमानतळ हे अंतर आहे सुमारे ८१ कि.मी. तिथे चार स्थळांचा कोसाइन येतो ०.९९९९, आणि उत्तर मिळतं ९० कि.मी. एक अंक वर गेला तर कोसाइन १.०००० आणि अंतर शून्य! म्हणजे बारामती पुण्यातच. कारण सोपं आहे : कोन लहान असताना कोसाइनचा आलेख माथ्यावर सपाट असतो, कोन बदलला तरी कोसाइन फारसा हलत नाही. साइनचा आलेख मात्र तिथे तिरका असतो, म्हणून हॅवरसाइन टिकतं. न्यूमरिकल मेथड्समध्ये 'राउंड-ऑफ एरर' हा धडा आपण मार्कांपुरता वाचतो. तो नेमका कुठे चावतो, ते हे.

३. नॉटिकल मैल आणि आर्यभटाची त्रिज्या

वैमानिक किलोमीटरमध्ये बोलत नाहीत. त्यांचं अंतर नॉटिकल मैलात आणि वेग नॉटमध्ये. एक नॉट म्हणजे ताशी एक नॉटिकल मैल. अनेकांना ही इंग्रजांची जुनी खोड वाटते, पण त्यामागे चोख भूमिती आहे. पृथ्वीच्या परिघावर एका मिनिटाचा (म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाचा) कंस म्हणजे एक नॉटिकल मैल. १९२९ साली तो १८५२ मीटर असा पक्का ठरवला गेला.

याचा फायदा बघा. अक्षांशातला फरक ४.४३° म्हणजे २६५.८ मिनिटं, म्हणजेच २६५.८ नॉटिकल मैल. पृथ्वीची त्रिज्या लागलीच नाही! रेखांशाचे २८५.६ मिनिटं गुणिले ०.९४६ म्हणजे २७०.२. कर्ण ३७९ नॉटिकल मैल. बस्स, झालं.

आणि आता आपल्या घरची गोष्ट. पूर्ण वर्तुळात ३६० × ६० = २१,६०० मिनिटं. परीघ २१,६०० असेल तर त्रिज्या किती? दोन पायने भागा : ३४३८. इसवी सन ४९९ च्या सुमाराचा आर्यभटाचा ज्या-कोष्टक नेमका हीच त्रिज्या धरून बांधलेला आहे. त्रिज्या आणि कंस दोन्ही एकाच एककात, मिनिटांत मोजायचे, ही ती कल्पना. रेडियनच्या ०.११०२४ ला ३४३८ ने गुणून बघा, उत्तर ३७९ येतं. म्हणजे आर्यभटाच्या त्रिज्येत आजचं नागपूर-कोल्हापूर अंतर थेट नॉटिकल मैलात मिळतं. 'हॅवरसाइन' या नावातला 'व्हर्साइन' म्हणजेही आपली उत्क्रमज्या, एक वजा कोसाइन. तिच्या निम्म्याला इंग्रजीत 'हाफ व्हर्साइन' म्हटलं आणि त्याचा झाला हॅवरसाइन.

४. वेळ : विमान म्हणजे एसटी नव्हे, की सुटली आणि वेगात गेली

आता मूळ प्रश्नाकडे वळू. कोल्हापूर-नागपूरसारख्या मार्गाला साजेसं विमान म्हणजे एटीआर ७२. साधारण सत्तर आसनी, दोन टर्बोप्रॉप इंजिनांचं. वरच्या पातळीवर त्याचा हवेतला खरा वेग २७० नॉटच्या आसपास, म्हणजे ताशी ५०० कि.मी. त्यामुळे ८०० चा आकडा इथे पहिल्याच पायरीवर बाद.

वेगाबद्दलही एक खुलासा हवा. वैमानिकासमोरच्या घड्याळात जो वेग दिसतो तो हवेच्या दाबावरून मोजलेला असतो. वर हवा विरळ, म्हणून घड्याळ कमी दाखवतं. ढोबळ नियम असा की दर हजार फुटांना सुमारे दोन टक्के वाढवा. १९,००० फुटांवर घड्याळात २०० नॉट दिसत असतील तर खरा वेग साधारण २७५. विमान वर का जातं याचं अर्धं उत्तर इथेच आहे : इंजिनावर तेवढाच ताण ठेवून वेग जास्त मिळतो.

१९,०००च का? २०,००० का नाही? कारण आकाशातही डावी-उजवी बाजू असते. चुंबकीय दिशा ० ते १७९ अंशांत, म्हणजे पूर्वेच्या बाजूला जाणारी विमानं विषम हजारांवर उडतात, पश्चिमेला जाणारी सम हजारांवर. नागपूरला जाताना आपली दिशा ४५ अंश, म्हणून १७ किंवा १९ हजार. परत येताना १८ किंवा २० हजार. समोरासमोर येणाऱ्या दोन विमानांत हजार फुटांचं अंतर आपोआप राहतं.

आता प्रवासाचे तुकडे पाडू. खालचे वेग आणि दर ढोबळ सरासरी आहेत. तुम्ही तुमचे घालून बघा, रीत तीच राहील.

चढण : कोल्हापूर विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे २००० फुटांवर. तिथून १९,००० पर्यंत १७,००० फूट. मिनिटाला सरासरी १००० फूट धरले तर १७ मिनिटं. या काळात सरासरी वेग २०० नॉट, म्हणजे ५७ नॉटिकल मैल कापले.

उतरण : वैमानिकांचा 'तिनाचा नियम' असा की दर हजार फूट उतरायला तीन नॉटिकल मैल ठेवा. नागपूर सुमारे हजार फुटांवर, म्हणजे १८,००० फूट उतरायचे, त्याला ५४ मैल. सरासरी २४० नॉटने साडेतेरा मिनिटं.

मधला सपाट प्रवास : ३७९ वजा ५७ वजा ५४ = २६८ मैल. २७० नॉटने तासभर.

जादा अंतर : विमान बृहद्वृत्तावर दोरी धरून जात नाही. ठरवून दिलेले हवाई मार्ग, वाटेतली लष्करी बंदी असलेली क्षेत्रं, आणि शेवटी धावपट्टीची दिशा. कोल्हापूरची धावपट्टी ०७/२५, म्हणजे तिची टोकं ७० आणि २५० अंशांच्या रोखाने. पूर्वेकडे उड्डाण केलं तर नागपूरच्या दिशेला जेमतेम २५ अंश वळायचं. पण वारा पश्चिमेचा असेल तर विमान वाऱ्यासमोर, म्हणजे पश्चिमेकडे तोंड करून उडतं आणि मग जवळजवळ अर्धं वर्तुळ फिरतं. नागपूरची मुख्य धावपट्टी १४/३२, आग्नेय-वायव्य. आपण येणार नैर्ऋत्येकडून. म्हणजे कुठल्याही टोकाने उतरा, काटकोनात वळण घेणं आलंच. या सगळ्याला २० मैल धरू. कमी वेगात, म्हणजे १८० नॉटने, साडेसहा मिनिटं.

हवेतला वेळ : १७ + ६० + साडेतेरा + साडेसहा = ९७ मिनिटं.

जमिनीवर : दरवाजा बंद झाल्यापासून धावपट्टीच्या टोकापर्यंत ८ मिनिटं आणि उतरल्यावर थांब्यापर्यंत ५. एकूण ११० मिनिटं, म्हणजे एक तास पन्नास मिनिटं. याला म्हणतात 'ब्लॉक टाइम' : चाकाखालची ठोकळी काढल्यापासून पुन्हा ठोकळी लावेपर्यंतचा वेळ. वेळापत्रकात छापतात तो हाच, वर थोडा सैल हात ठेवून.

तर ५३ मिनिटांचे ११० कसे झाले, ते आता कळलं असेल.

५. मग जेट आणलं तर?

हा पुढचा स्वाभाविक प्रश्न. ए-३२० सारखं जेट ४४० नॉटने जातं, एटीआरच्या १.६३ पट. मग वेळही तेवढाच कमी व्हायला हवा. हिशेब करू. जेट ३३,००० फुटांवर न्यायचं.

चढण : ३१,००० फूट, मिनिटाला १८०० फूट, १७ मिनिटं, ३४० नॉटने ९६ मैल.
उतरण : ३२,००० फूट, ९६ मैल, ३२० नॉटने १८ मिनिटं.
सपाट प्रवास : उरले १८७ मैल, ४४० नॉटने साडेपंचवीस मिनिटं.
जादा २० मैल, २०० नॉटने : ६ मिनिटं.
जमिनीवर : १३ मिनिटं.
एकूण : सुमारे ८० मिनिटं.

वेग १.६३ पट झाला, पण वेळ फक्त अर्ध्या तासाने वाचला. का? कारण ३७९ पैकी १९२ मैल, म्हणजे निम्म्याहून जास्त प्रवास चढण्या-उतरण्यातच गेला. पूर्ण वेगाने विमान जेमतेम पंचवीस मिनिटं धावलं. म्हणूनच जगभर छोट्या मार्गांवर टर्बोप्रॉप टिकून आहे. मोठ्या इंजिनाचा फायदा अंतर वाढेल तसा मिळतो. जवळच्या गावाला मागे मागे स्टॉप घेत जाणाऱ्या गाडीला ताकदवान इंजिन लावून जो उपयोग, तोच इथे.

६. वारा : जाताना दिलेलं येताना पुरतं परत मिळत नाही

समजा वर ४० नॉटचा पश्चिमेचा वारा आहे. आपली दिशा ४५ अंश, म्हणून वाऱ्याचे दोन घटक सारखेच : पाठीमागून २८ नॉट, डाव्या कुशीवर २८ नॉट. कुशीवरचा वारा विमान उजवीकडे ढकलतो, म्हणून नाक सुमारे ६ अंश डावीकडे ठेवून उडायचं. नदी ओलांडणाऱ्या नावाड्याचं गणित, अकरावीतलं. नाक तिरकं ठेवल्यामुळे पुढचा वेग २७० चा २६८.५ होतो, त्यात २८ मिळवले की जमिनीवरून वेग २९७ नॉट. येताना तोच वारा तोंडावर : २४० नॉट.

सपाट प्रवास जाताना २६८ भागिले २९७, म्हणजे ५४ मिनिटं. येताना २६८ भागिले २४०, म्हणजे ६७ मिनिटं. जाऊन-येऊन १२१. वारा नसता तर ११९. म्हणजे 'जाताना वारा मदत करतो, येताना अडवतो, फिट्टंफाट' हे खरं नाही. वारा नेहमी थोडा तोटाच करतो, कारण अडवणाऱ्या वाऱ्यात विमान जास्त वेळ राहतं. सरासरी वेग काढताना साधी सरासरी न घेता हरात्मक सरासरी घ्यायची, हे गणिताच्या पुस्तकातलं वाक्य इथे घड्याळात दिसतं.

वाऱ्याचीही ऋतूनुसार तऱ्हा असते. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेचा वारा जोर धरतो. पावसाळ्यात मात्र दक्षिण भारतावर फार उंच, १४ ते १६ कि.मी.वर, पूर्वेकडून वाहणारा वेगवान झोत असतो. या झोताचं वर्णन भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी १९५८ साली केलं. म्हणजे वर्षभर एकच वेळापत्रक चालवणं हे अंदाजाचंच काम.

७. हे सगळं कशासाठी?

पहिलं कारण, इंधन. एटीआर तासाला ढोबळ ७०० किलो इंधन घेतं असं धरू. 'अंतर भागिले वेग' करणारा ३७९ भागिले २७०, म्हणजे ८४ मिनिटांचं, ९८० किलो इंधन काढेल. आपल्या तुकड्यांच्या हिशेबाने ९७ मिनिटांचं ११३० किलो लागतं. दीडशे किलोचा फरक! शिवाय वाटेतल्या अडचणींसाठी जादा, नागपूरला उतरता आलं नाही तर दुसऱ्या विमानतळापर्यंतचं, आणि त्यावरही अर्धा तास घिरट्या घालता येतील एवढं राखीव इंधन नियमाप्रमाणे लागतंच. पण जास्तीत जास्त भरून टाकू असंही चालत नाही, कारण तेवढ्या वजनाचे प्रवासी खाली राहतात. धावपट्टी आखूड आणि मे महिन्याची दुपार असेल तर विरळ हवेत विमानाला उचल कमी मिळते, मग एकेक किलो मोजावा लागतो.

एककं चुकली तर काय होतं याचं उदाहरण जगाने २३ जुलै १९८३ रोजी पाहिलं. एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ मध्ये इंधन भरताना किलोचं गणित पौंडाच्या गुणकाने केलं गेलं. कागदावर इंधन पुरेसं होतं, टाकीत त्याच्या निम्म्याहून कमी. आकाशातच दोन्ही इंजिनं बंद पडली. वैमानिकांनी ते प्रचंड विमान ग्लायडरसारखं तरंगवत गिमली इथल्या जुन्या धावपट्टीवर उतरवलं आणि सगळे वाचले. पेपरात आपण एकक लिहायला विसरलो की अर्धा मार्क जातो, तेव्हा आपली कुरकुर असते. हा प्रसंग आठवावा.

दुसरं कारण, तिकीट. २०१६ साली जाहीर झालेल्या 'उडान' योजनेत छोट्या गावांच्या विमानसेवेसाठी तिकिटाला कमाल मर्यादा घातली गेली. सुरुवातीला सुमारे एक तासाच्या, म्हणजे अंदाजे ५०० कि.मी.च्या प्रवासाला २५०० रुपये. त्यातली पहिली उड्डाणं २७ एप्रिल २०१७ रोजी सुरू झाली. अंतराचे टप्पे पाडून दर ठरत असल्याने सीमेवरच्या मार्गासाठी चार-पाच किलोमीटरचा फरकही कुणाच्या तरी खिशातून जातो.

तिसरं कारण सर्वांत महत्त्वाचं. दात्याच्या शरीराबाहेर काढलेलं हृदय साधारण चार तासांत दुसऱ्या शरीरात धडधडायला लागावं लागतं. समजा असं हृदय नागपूरहून कोल्हापूरला न्यायचं आहे. रस्ता आणि रेल्वे यांचा विचारच नको. ५३ मिनिटांचं गणित करणारा म्हणेल, भरपूर वेळ आहे. आपलं गणित काय सांगतं? याच वेगाचं छोटं टर्बोप्रॉप घेतलं तर ब्लॉक टाइम ११० मिनिटं. ४० नॉटचा पश्चिमेचा वारा असेल तर ११७. दोन्हीकडे रुग्णालय ते विमानतळ पोलिसांनी रस्ता मोकळा ठेवून वीस-वीस मिनिटं. चढवणं-उतरवणं पंधरा. झाली १७२ मिनिटं, जवळजवळ तीन तास. शस्त्रक्रियेसाठी उरला एक तास. म्हणजे जमेल, पण कुठेही वीस मिनिटं वाया घालवायला जागा नाही. इथे जेट घेतल्याने वाचणारा अर्धा तास सोन्याचा ठरतो. प्रवासी मार्गावर जो अर्धा तास आपण मघाशी क्षुल्लक म्हणून सोडून दिला, तोच इथे निर्णायक होतो. आकडा एकच, पण तो कशासाठी वापरायचा यावर त्याची किंमत ठरते.

८. जाता जाता : नागपूरची मध्यरात्र

हवाई वेळेचं असंच एक सुंदर गणित नागपुरात वर्षानुवर्षं रोज सुटत असे. १९४९ साली रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चारही शहरांतून संध्याकाळनंतर विमानं निघायची आणि मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला एकत्र यायची. टपालाच्या थैल्या अदलाबदल व्हायच्या आणि पहाटेपर्यंत विमानं आपापल्या शहरात परत. आपल्या पायथागोरसने ही अंतरं काढून बघा : मुंबई सुमारे ६८० कि.मी., दिल्ली ८५५, मद्रास ९१०, कलकत्ता ९८५. चार दिशांची चार अंतरं, चार वेगळे वारे, आणि तरी एकाच वेळी भेट. कुणी किती वाजता निघायचं हे ठरवणाऱ्याकडे ना मोबाईल होता, ना कॅल्क्युलेटर.

९. आता तुम्ही करा

ओझर (नाशिक) : २०.१२° उत्तर, ७३.९१° पूर्व
नांदेड : १९.१८° उत्तर, ७७.३२° पूर्व

(अ) मध्य अक्षांशाच्या रीतीने अंतर काढा. उत्तर ३७२ कि.मी., म्हणजे २०१ नॉटिकल मैलांच्या आसपास यायला हवं.

(ब) वर दिलेले चढण-उतरणीचे आकडे तसेच ठेवून एटीआर आणि जेट या दोघांचा ब्लॉक टाइम काढा. जेटला ३३,००० फुटांवर सपाट उडायला किती मिनिटं मिळतात ते बघा. आकडा बघून हसू आलं तर समजा गणित बरोबर आलं.

(क) मग ठरवा, या मार्गावर जेटला ३३,००० फुटांवर न्यावं का? नाही, तर किती उंचीवर न्यावं? चढणीत जाणारं इंधन आणि वरच्या विरळ हवेत वाचणारं इंधन, यांची तुलना कशी मांडाल?

(अ) आणि (ब) ला दहा मिनिटं पुरतील. (क) ला नेमकं एक उत्तर नाही, पण मेकॅनिकल आणि कॉम्प्युटरच्या दोन मुलांनी एकत्र बसून त्यावर छोटा प्रोग्रॅम लिहिला तर चांगला मिनी प्रोजेक्ट होईल. उंची दर दोन हजार फुटांनी वाढवत न्या, प्रत्येक उंचीला वेळ आणि इंधन काढा, आलेख काढा. वळण कुठे लागतं ते आलेखच सांगेल.